ग्लास उचलला की कोस्टरपण वर येतो: फोंतेन्हासच्या एका ऑर्डरचं प्रकरण

हे प्रकरण तसं माझ्या वहिनीच्या धंद्याचं, पण त्यातली निम्मी चूक माझी असल्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलंय. वहिनी फोंड्याला असते, घरातूनच गिफ्टचं काम करते, फोटो छापलेले कप, फ्रेम, बारशाच्या आणि लग्नाच्या रिटर्न गिफ्ट असलं सगळं. मी म्हापशाला एका प्रिंटिंगच्या दुकानात फाइली लावतो, म्हणजे गिऱ्हाईक व्हॉट्सॅपवर जे काय अंधुक फोटो पाठवतं ते छापण्यालायक करून देणं हे माझं काम. त्यामुळे वहिनीच्या फाइलीपण मीच लावतो, घरचं काम म्हणून रात्री जेवून झाल्यावर, अर्धवट झोपेत. ही अर्धवट झोप पुढे महागात पडली.

मार्चमध्ये पणजीहून ऑर्डर आली. फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घराचं गेस्टहाऊस केलंय, तिथल्या मालकीणबाई युरोपात फिरून आलेल्या आणि तिकडे कुठल्यातरी म्युझियमच्या दुकानात त्यांनी काचेचे कोस्टर (टेबलावर ग्लासाखाली ठेवतात ते) बघितलेले, वर नामांकित चित्रं छापलेले, आणि त्यांना अगदी तसेच पाहिजे होते. थोडे खोल्यांत ठेवायला, बाकीचे काउंटरवर विकायला. वहिनीने आधी अझुलेजच्या, म्हणजे रंगवून भाजलेल्या पोर्तुगीज पद्धतीच्या, टाइलचे कोस्टर सुचवले, ते इथे पटकन मिळतात, पण बाई म्हणाल्या ते पणजीत प्रत्येक दुकानात आहेत, मला दुसरं काहीतरी दे. चारचा एक सेट, असे ६० सेट, म्हणजे २४० नग. पोर्तुगीज वळणाच्या घरात डच आणि फ्रेंच चित्रकार कशाला असं माझ्या मनात आलं, पण गिऱ्हाईकाला असलं विचारायचं नसतं.

मेसेजमध्ये त्यांनी 'पोस्ट इंप्रेशनिस्ट थीम' असं लिहिलं होतं आणि वहिनीने मला फोन करून विचारलं, "भाऊजी, हे पोस्ट म्हणजे टपाल का हो?" मी हसलो खरा पण मलापण नीट माहीत नव्हतं, मग वाचलं. पोस्ट म्हणजे नंतरचे, फ्रान्समधल्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या नंतर आलेले. हे नाव रॉजर फ्राय नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९१० साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी काढलं आणि तोवर व्हॅन गॉग, सरा, गोगँ, सेझान हे चौघेही वारलेले होते, म्हणजे आपल्याला लोक काय म्हणणार आहेत हे त्यांतल्या एकालाही कळलं नाही. आमच्या दृष्टीने कामाची गोष्ट एवढीच की सगळे जाऊन शंभरावर वर्षं झालीत. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर पुढची ६० वर्षं कॉपीराइट चालतो, तेव्हा तो प्रश्न नव्हता.

बाईंनी चित्रंपण ठरवून दिली होती. व्हॅन गॉगची दोन, 'स्टारी नाइट' आणि 'सूर्यफुलं', जॉर्ज सराचं ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं, आणि गोगँचं ताहितीतलं ते मोठं, 'आपण कुठून आलो, कोण आहोत, कुठे चाललो' असं लांब नाव असलेलं.

माल असा बनवला: ४ मिमी जाडीची साधी पारदर्शक काच, १० बाय १० सेंमी, कोपरे गोल करून, कडा घासून, मग टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार करून मजबूत केलेली. (टफन केल्यावर काच कापता येत नाही, कापायला गेलात तर अख्खी फुटते, म्हणून जे काय कापायचं घासायचं ते आधी.) चित्र खालच्या बाजूने उलटं छापायचं, म्हणजे वरून काचेतून बघितलं की सुलटं दिसतं, रंग आधी आणि त्याच्यामागे पांढऱ्या शाईचा थर. हे यूव्ही मशीनवर होतं, शाई पडते आणि लगेच दिव्याखाली सुकते. त्याच्याखाली कॉर्कचा स्टिकर. एका नगाला काच ४५, छपाई ३०, कॉर्क १५ आणि खोक्याचा वाटा २०, असे ११० रुपये पडले. सेट ६४० ला दिला. बिल ३८,४०० चं, वहिनीच्या हातात १२,००० राहणार होते आणि तेवढ्यात घरी नवा मिक्सर येणार होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माल पोचला. आठ दिवसांनी बाईंचा मेसेज: तुमचे कोस्टर ग्लासाला चिकटतात.

आम्ही दोघांनी एकच अंदाज केला की उन्हाने कॉर्कचा गोंद वितळून कडेने बाहेर आला असणार. वहिनीने त्यांना टाल्कम पावडर लावून बघा असं कळवलं (हे आठवलं की ती अजून तोंड लपवते). पुन्हा मेसेज आला, गोंद वगैरे काही नाही, स्वतः येऊन बघा. मग रविवारी गेलो. वरच्या बाल्कनीत बसवलं, आम्हाला कोकमाचं सरबत बर्फ घालून, आणि शेजारच्या टेबलावर दोन पाहुणे उर्राक (काजूची हलकी दारू) घेऊन बसलेले, लिम्का, लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची, एप्रिलमध्ये गोव्यात जे असतं ते. दहा मिनिटांत सगळ्या ग्लासांना घाम सुटला. त्यांतल्या एकाने ग्लास उचलला, कोस्टर त्याच्याबरोबर वर आला, पार छातीपर्यंत, आणि तिथून सुटला. खाली लाल सिमेंटची जमीन. टफन काच असल्यामुळे खडीसाखरेसारखे दाणे झाले, कुणाला लागलं नाही, पण त्या माणसाच्या मांडीवर पाणी आणि पायाशी व्हॅन गॉगचे तुकडे. बाई आमच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

घरी येऊन मी याच्यावर बराच वेळ घालवला, कारण मला ते पटतच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दहा-बारा वेळा करून बघितलं. कोरडा ग्लास असेल तर काही होत नाही. थंड ग्लास ठेवला आणि पाणी ओघळू दिलं की होतं. ग्लासाचं बूड सपाट नसतं, मध्ये किंचित खोलगट असतं आणि काचेला टेकते ती फक्त गोल कड. घाम ओघळून त्या कडेखाली साचतो आणि दोन गुळगुळीत काचांच्या मध्ये पाण्याची बारीक रिंग तयार होते, वॉशरसारखी. आता ग्लास उचलायला गेलात की आतली कोंडलेली हवा थोडी पसरते, तिचा दाब कमी होतो, बाहेरची हवा आत शिरू शकत नाही कारण पाण्याने फट बुजवलेली, आणि बाहेरचा दाब कोस्टरला खालून वर ढकलतो. हिशेब केला तर लाजच वाटते. ४० घनसेंमी काच म्हणजे वजन १०० ग्रॅम. बुडाची कड साधारण ६ सेंमी व्यासाची, क्षेत्रफळ २८ चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंमीला फक्त साडेतीन ग्रॅमचा फरक पडला की कोस्टर उचलला गेला, आणि हवा दर चौरस सेंमीला साधारण एक किलोने दाबत असते. तिचा तीनशेवा हिस्सा पुरला आम्हाला बुडवायला.

पुठ्ठ्याचा कोस्टर असा चिकटत नाही कारण तो पाणी पितो, कॉर्कचा चिकटत नाही कारण तो खरबरीत असतो, कुठून ना कुठून हवा शिरते. बाईंनी जिथे काचेचे बघितले तिथली हवा कोरडी असणार, ग्लासाला दोन थेंब येत असतील. इथे मांडवीच्या काठावर एप्रिल-मे मध्ये ग्लास नुसता ठेवला तरी खाली तळं होतं. म्हणजे वस्तू तिकडे बघितली ती चांगलीच होती, ती इथे आणताना हवेचा विचार आम्ही कुणीच केला नाही, बाईंनीपण नाही, पण पैसे त्यांनी दिले होते, विचार करायचं काम आमचं होतं.

तात्पुरता इलाज फोंड्यातल्या एका बारच्या काकांनी सांगितला आणि तो खराच चालतो: कोस्टरवर चिमूटभर मीठ टाकायचं. मिठाचे दाणे ग्लासाची कड अधांतरी धरतात. बाईंनी केलं पण आठवडाभरात कंटाळल्या, आणि पाहुण्यांना वाटायचं की टेबल पुसलेलं नाही.

इथपर्यंत प्रकरण निभावलं असतं. जूनमध्ये पाऊस लागला आणि दुसरं सुरू झालं.

आधी कडेने पांढरट दिसायला लागलं, मग कोपऱ्यातली शाई पापुद्र्यासारखी सुटली, आणि कॉर्कवर काळे ठिपके, म्हणजे बुरशी. जुलैच्या मध्याला बाईंनी काउंटरवरचे न विकलेलेपण उघडून बघितले तर त्यांच्यातल्या काही कॉर्कांनापण वास. खोल्यांतल्या कोस्टरांचं कारण लवकर कळलं: खोल्या आवरणारी मुलगी ते ग्लासांबरोबरच साबणाच्या बादलीत बुडवून ठेवायची, आणि का ठेवू नये, काचेची वस्तू आहे, तिला कुणी सांगितलं होतं? कॉर्कने ते पाणी प्यायलं आणि दिवसच्या दिवस शाईला ओल्या फडक्यासारखं चिकटून राहिलं. काचेला छिद्रं नसतात, शाई आत मुरत नाही, वरच्यावर पातळ प्लास्टिकच्या थरासारखी बसते. तिच्याखाली प्रायमर, म्हणजे शाई धरून ठेवणारा आधीचा थर, नसेल किंवा काचेला बोटाचं तेल लागलेलं असेल तर पाणी कडेने हळूहळू आत शिरतं आणि थर उचलतं.

प्रायमर नव्हता. छपाई ज्यांच्याकडे केली त्यांच्याशी वहिनी भांडायला गेली, मी बरोबर. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "पात्रांव, तुमच्या जॉब स्लिपवर प्रायमर लिहिलाय का दाखवा." नव्हता लिहिला. स्लिप मी भरली होती. मी दुकानात रोज फ्लेक्स आणि स्टिकर लावतो, काचेचं काम त्याआधी दोनदा केलेलं आणि दोन्ही वेळा भिंतीवरच्या पाट्या, ज्यांना कुणी बादलीत बुडवत नाही. त्याने आपणहून विचारायला पाहिजे होतं असं माझं अजूनही मत आहे, पण ते मत आहे, स्लिप नाही.

परत येताना पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत शिरलो, पाऊस होता म्हणून. तिथे दारातच भिंतभर निळ्या अझुलेजवर चित्रं आहेत, इतके पावसाळे बघितलेली. रंग भट्टीत भाजून काचेच्या झिलईत विरघळलेला, त्यामुळे तिथे सुटायला थरच नाही. वहिनी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आपण टाइलच द्यायला पाहिजे होत्या." काचेवरपण तसं करता येतं, भाजायची सिरॅमिक शाई असते, टफन करताना भट्टीतच ती काचेशी एकजीव होते, पण ते कारखान्याचं काम आणि २४० नगांसाठी कुणी मशीन लावत नाही.

आता माझी खरी चूक, चित्रांची. ही तक्रार बाईंनी केलीच नव्हती, त्यांनी फक्त सांगितलं की लोक हातात घेतात आणि खाली ठेवतात. पण त्या रविवारी बाल्कनीत बसल्यावर मला दिसायला लागलं होतं.

मी चारही चित्रं चौकोनात बसवताना मधला भाग धरला होता, सगळे तेच करतात. आता 'स्टारी नाइट' ७३.७ बाय ९२.१ सेंमीचं आहे, चौरस करायचं तर आडवा पाचवा हिस्सा जातो. डावीकडे सायप्रसचं काळं झाड, उजवीकडे वर चंद्रकोर, मधून कापलं की झाड अर्धं आणि चंद्राची कड गेली, आणि जो मधला मोठा भोवरा वाचवला त्याच्यावर ग्लास. हे मला आधी सुचायला नको? कोस्टरच्या मधोमध ग्लास असतो! पिताना माणसाला दिसतात ते चार कोपरे आणि थोड्या कडा, मधलं चित्र फक्त घोट घेताना क्षणभर. 'सूर्यफुलां'चं तर हसूच: सगळी फुलं ग्लासाखाली आणि चार कोपऱ्यांत नुसती पिवळी भिंत. उभं चित्र चौरस करताना फुलदाणीचं बूडपण गेलं. गोगँचं चित्र १३९ बाय ३७५ सेंमी आहे, उजवीकडे झोपलेलं तान्हं बाळ, डावीकडे म्हातारी, मध्ये फळ तोडणारा माणूस. चौरस काढल्यावर जेमतेम ३७ टक्के राहिलं, म्हणजे कुठून आलो ते गेलं, कुठे चाललो तेपण गेलं, राहिला मधला फळ तोडणारा, आणि त्याच्या डोक्यावर उर्राकचा ग्लास.

सराचं चित्र सगळ्यात वाईट झालं. मूळ चित्र दोन मीटरहून उंच आणि तीन मीटरहून रुंद, त्याने १८८४ ते १८८६ असं त्याच्यावर काम केलं, रंग पॅलेटवर न मिसळता शेजारी शेजारी ठिपके टाकायचे आणि लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळायचे अशी त्याची पद्धत. ते २० पट लहान केल्यावर ठिपके कुठले दिसणार, हिरवट करड्या रंगाची खिचडी झाली. गंमत म्हणजे आमचं मशीनपण तेच करतं, चार-पाच शायांचे बारीक ठिपके शेजारी टाकतं आणि डोळा त्यांचा रंग बनवतो, म्हणजे सराचे ठिपके काढून आम्ही तिथे आमचे टाकले. हे मी वहिनीला उत्साहाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली ते बाईंना सांगू नका.

आणि रंग. 'स्टारी नाइट'च्या फाइली नेटवर शोधल्या तर चार ठिकाणी चार निळे होते, एक हिरवट, एक जांभळट, एकावर पिवळी झाक. मी त्यातली जास्त भडक घेतली. मूळ आकाश अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळ्याचं आहे, आणि अल्ट्रामरीनसारखा निळा आपल्या छपाईच्या शायांत बसत नाही, सायन (आकाशी) आणि मजेंटा (गुलाबी) मिसळून करायला जावं तर जांभळा होतो. आमचा झाला. चंद्र-ताऱ्यांत त्याने इंडियन यलो वापरलाय, हा रंग त्या काळी भारतातूनच युरोपात जायचा, आणि आमच्याकडे परत आला तो लिंबाच्या लोणच्यासारखा होऊन.

ऑगस्टमध्ये वहिनी स्वतः बाईंकडे गेली आणि म्हणाली उरलेले ४० सेट परत द्या, मी बदलून देते, पैसे नकोत. मी तिला अर्धे पैसे मागायला सांगितलं होतं. तिने नाही मागितले, पणजीत एकाने नाव घालवलं की सगळीकडे जातं असं तिचं म्हणणं. चवथीनंतर देते असा वायदा केला.

या वेळी १२ नमुने केले आणि घाई केली नाही. चिकटण्यावर पहिला विचार माझा होता आणि मला तो फार आवडलेला: यूव्ही मशीनने पारदर्शक वार्निशचे थर एकावर एक देऊन उठाव आणता येतो, तर व्हॅन गॉगच्या ब्रशच्या फटकाऱ्यांवरून तसा उठाव द्यायचा. त्याचा रंग मूळ चित्रात जाड, उंचसखलच असतो, दिसायला अस्सल, आणि उठावामुळे ग्लासाखालून हवा जाईल. तीन नमुने असे केले, सुंदर दिसले, ग्लास चिकटला नाही. एक रात्र पाण्यात ठेवले आणि सकाळी वार्निश नखाने निघालं. वरच्या बाजूला रोज ग्लास घासणार, पाणी पडणार, तिथे छापील काहीच टिकणार नाही हे मान्य करावं लागलं. दोन दिवस मला वाईट वाटलं.

मग काचवाल्याकडे अ‍ॅसिडने एच केलेली शीट मिळाली, एका बाजूने दुधी, हाताला रेशमासारखी. ती कापून, घासून, मग टफन. दुधी बाजू वर, चित्र खालच्या गुळगुळीत बाजूला. ग्लास चिकटणं जवळजवळ संपलं, खूपच पाणी साचलं तर किंचित ओढ लागते पण दोन इंच वर यायच्या आत सुटतो. तोटा असा की चित्र आता धुक्यामागे गेल्यासारखं दिसतं, कारण दुधी पृष्ठभाग आणि चित्र यांच्यामध्ये ४ मिमी काच आहे. बारीक तपशील मेला. म्हणजे सरा आपोआप बाद, आणि ज्यांच्या चित्रात आकार मोठे, रेघा ठळक आहेत ते पास.

खालच्या बाजूला: आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, हातमोजे घालून, मग प्रायमर (स्लिपवर लाल पेनने, दोनदा लिहिलं), रंग, पांढरा, आणि वरून सीलर. चित्र कडेपासून २ मिमी आत थांबवलं म्हणजे सीलर थेट काचेला धरतो आणि पाण्याला शिरायला कड मिळत नाही. कॉर्क कायमचा बंद, त्याऐवजी सिलिकॉनच्या चार टिकल्या, खालून हवा खेळते, ओल धरून बसायला काही नाही. परीक्षा म्हणून २४ तास पाण्यात, मग ब्लेडने बारीक चौकटी मारून सेलोटेप चिकटवून ओढायची. टेपवर शाई आली तर नापास. १२ मधल्या शेवटच्या चार नमुन्यांवर काही आलं नाही. नगाला १३० पडले, त्या एच काचेमुळे आणि प्रायमरमुळे. १६० नग, २०,८००. आधीचे १२,००० त्यात गेलेच, वर ८,८०० घरातून. मिक्सर अजून जुनाच आहे.

चित्रं या वेळी मी कागदावर ग्लासाचा गोल कापून, तो प्रिंटवर ठेवून निवडली. हा साधा खेळ आधी केला असता तर हा लेखच नसता. सगळ्यात पहिलं पास झालं ते व्हॅन गॉगचं बदामाच्या फुलांचं, १८९० च्या फेब्रुवारीतलं, त्याच्या भावाला मुलगा झाला, बाळाचं नाव काकाचंच ठेवलं, म्हणून त्याने ते काढलं. निळ्या आभाळावर फांद्या आणि फुलं सगळीकडे सारखी पसरलेली, मध्य असा नाहीच, कुठूनही कापा, ग्लास कुठेही ठेवा, कोपऱ्यात फूल असतंच. 'स्टारी नाइट' बाईंना सोडायचं नव्हतं, मग उजवा भाग धरला, झाड जाऊ दिलं, चंद्र वरच्या कोपऱ्यात पूर्ण ठेवला आणि मजेंटा कमी केला. सेझानची सफरचंदांची टोपली घेतली, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधली. हे म्युझियम आपली कॉपीराइट संपलेली चित्रं मोठ्या फाइलीत, धंद्यालासुद्धा वापरायला मोकळी देतं, रंगाचा भरवसा असतो, पण सगळी म्युझियम तशी नसतात, चित्र मोकळं असलं तरी फाइलीच्या अटी वाचायच्या. त्या चित्रातली बाटली कललेली आहे आणि टेबलाची कड एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी, सरळ जुळतच नाही. वहिनीला वाटलं मी फाइल वाकडी लावली.

चौथं मी माझ्या हट्टाने घातलं. आंरी रूसोचा पावसातला वाघ, १८९१ चं. रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता, फ्रान्सबाहेर कधी गेला नाही, जंगल त्याने पॅरिसच्या वनस्पती उद्यानात बघितलेलं. पण त्या चित्रात तिरपा पाऊस, वाऱ्याने वाकलेली पानं आणि वीज अशी आहे की जुलैत गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडे जावं तर हेच दिसतं. क्रॉप सरकवून वाघाचं तोंड कोपऱ्यात आणलं.

सप्टेंबरच्या शेवटी माल दिला. त्यानंतर बाईंनी एकदा गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं करता येतील का विचारलं, इथे तेच जास्त खपेल म्हणून, आणि मी लगेच नको म्हटलं. ते २०११ ला गेले, त्यांचे हक्क २०७१ संपेपर्यंत आहेत, गोव्याचेच चित्रकार एफ. एन. सूझा यांचे २०६२ पर्यंत. फोंतेन्हासमध्ये बसून तसं परवानगीशिवाय विकायचं म्हणजे पहिल्याच दिवशी कुणीतरी ओळखणार.

आता या वर्षीचा पावसाळा होऊन गेलाय. शाई कुठे सुटलेली नाही. दुधी बाजूत कोकमाचा लाल डाग धरतो, खायच्या सोड्याने घासला की जातो पण रोज कोण घासणार, हे अजून सुटलेलं नाही. आणि एक गोष्ट आम्ही ठरवून केलेली नव्हती: दुधी काच ओली झाली की पाणी तिच्या खरबरीतपणात भरतं आणि तेवढा भाग पारदर्शक होतो. म्हणजे कोरडा असताना वाघ धुक्यात, आणि ग्लास उचलला की खालच्या ओल्या गोलात पावसाच्या रेघा एकदम स्वच्छ. बाई सांगतात पाहुणे बर्फाचं पाणी बोटाने फासून वाघाचं तोंड बाहेर काढत बसतात, लहान मुलं तर जास्तच. खोल्यांतले सात वाघ आतापर्यंत पाहुण्यांच्या बॅगेतून गेलेत, बाकीची तीन चित्रं तशीच पडलीयत, आणि गेल्या सोमवारी बाईंनी वहिनीला नुसते वाघ २० द्यायला सांगितलेत, सेट नको.